काचेवरचे सरकारी कागद

मोटार सुरू करण्याआधी आमचा ड्रायव्हर, सगळ्यांचा मामा, पटक्याचं टोक सोडी, समोरच्या काचेवरची तळहाताएवढी जागा घासून पुसे आणि मागे वळून मला विचारी, "बोला मास्तर, रस्ता बघू का कागद?"

पाटोद्याहून बीडला जाणारी ती एकुलती एक मोटार. निजामाच्या अमलात कराचा कागद, परवान्याचा कागद, उतारू किती बसवायचे त्याचा कागद, हे सगळे शिक्क्यासकट पुढच्या काचेवर डकवलेले असलेच पाहिजेत, असा हुकूम होता. हुकमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कुठे डकवायचे, ते नाक्यावरचा दारोगा ठरवी. त्याला खाटेवरून न उठता ते दिसायला हवेत आणि खाट होती ड्रायव्हरच्या बाजूला. म्हणून सगळे कागद ड्रायव्हरच्या तोंडासमोर! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

घाटात तो मान वाकडी करून कागदांच्या फटीतून बघे. बायका हसत. "मामा, नव्या नवरीवानी कामून डोकावता?"

"पडद्याआडून बघायचं नशिबी आलंय, बाई!"

एकदा त्याने ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून ते कागद डाव्या बाजूला चिकटवले. दारोग्याने आम्हाला उन्हात उतरवलं आणि ते भिजवून काढून पुन्हा होते तिथेच लावून घेतले.

"साहेब, वळणावर कायबी दिसत न्हाई. कुणाचा तरी जीव जाईल."

"हुकूम है," दारोगा म्हणाला आणि आडवा झाला.

पुढे मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर बैलगाडी आली, नेमकी कागदांच्या आडून. गाडीत एक बाई आणि तिची लेकरं होती. त्याने मोटार डोंगराच्या अंगाला घातली. ती माणसं वाचली, आम्हीही वाचलो. काचेचा मात्र चुरा झाला आणि त्याचा उजवा हात पुन्हा कधी सरळ झाला नाही.

दारोगा आला. त्याने हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

"कागद कुठे आहेत?"

"काचच न्हाई, साहेब. कागद काय वाऱ्याला चिकटवू?"

काचेवर कागद नव्हते, म्हणून त्याचं लायसन जप्त झालं! मी साक्ष द्यायला गेलो, तर मलाच सांगितलं, "मास्तर, शाळा सांभाळा." असला कसला हा न्याय?

नवी काच आली, नवा ड्रायव्हर आला आणि कागद पुन्हा तिथेच लागले. मामा मात्र रोज सकाळी थांब्यावर येई, डाव्या हाताने ती तेवढी जागा पुसून देई आणि नव्या पोराला म्हणे, "हितून बघ बे. घाटात लई सांभाळ."

एका सकाळी काच धुळीने भरलेली होती. आम्ही बराच वेळ वाट बघितली. मग थांब्यावरचा हमाल म्हणाला, "मामा पहाटं गेले." नवा ड्रायव्हर खाली उतरला आणि स्वतःच्या पटक्याने ती जागा पुसू लागला.

नाक्यावर दारोग्याने खाटेवरूनच काच पाहिली आणि सगळं ठीक आहे म्हणून हात हलवला.