मोडेमकाकांचं टेनिस

मी एकदा एका मोडेमशी मराठीत बोललो. चांगला बराच वेळ बोललो. शुक्रवारी दुपारी जेवून आडवा झालो होतो. लँडलाइन वाजली, उचलली, तर पलीकडे कुणीतरी घशात काटा अडकल्यासारखं किंचाळत होतं. मग घरघर, मग शिट्टी. नंबर आमच्या ऑफिसातल्या मोडेमकाकांचा. मी म्हणालो, काका, घाबरू नका, पाणी प्या, काकूंना फोन द्या. घरघर थांबेना, तेव्हा बर्म्युडावरच टॅक्सी पकडून दुबईच्या दुसऱ्या टोकाचं त्यांचं घर गाठलं. दार काकांनीच उघडलं. हातात गेमचा कंट्रोलर, चेहरा शांत.

"तुला सांगितलं होतं ना, चार वाजता फोन वाजला तर उचलायचा नाही? तो तुझ्यासाठी नव्हता. तुझ्या डब्यासाठी होता."

डबा म्हणजे व्हिडिओ गेमचा कन्सोल. घरोघरी ब्रॉडबँड येण्याआधी या डब्यांना वेगळा मोडेम जोडावा लागे. त्यात टेलिफोनची वायर खुपसली की एक डबा दुसऱ्या डब्याला चक्क फोन करायचा, आणि दोन घरांतली माणसं आपापल्या टीव्हीसमोर बसून एकच खेळ खेळायची. आमच्या वेळेपर्यंत ही चीज बाजारातून उठलेली होती. अल क्वोजच्या एका गोदामात, न खपलेल्या मालाच्या ढिगात, काकांना असले मोडेम सापडले आणि त्यांनी अख्खं खोकं उचललं. त्यातला एक, एका जुन्या कन्सोलसकट, माझ्या हॉलमध्ये आणून बसवला. मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. "लोकल कॉल फुकट आहेत. तुझं काय जातंय?"

दोन मोडेम भेटले की आधी ते विचित्र आवाज काढून एकमेकांचा अंदाज घेतात. त्याला हँडशेक म्हणतात. काकांनी त्याचं आयुष्याचं सूत्र केलं होतं. आम्ही एकाच बांधकाम कंपनीत, ते प्लॅनिंगमध्ये, मी अकाउंट्समध्ये. मीटिंगमध्ये शिरल्या शिरल्या मी सुरू झालो की ते टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायचे. नंतर म्हणायचे, "अरे, आधी हात मिळू दे, मग बोल." माझ्या उजव्या बुटाचं पॉलिश कधी टिकलं नाही.

त्यांचा दुसरा नियम हो-नाहीचा. दुबई मरीनात आमचा टॉवर चालू होता. सळई कधी येणार विचारलं की सप्लायर म्हणायचा, इन्शाल्ला, म्हणजे देवाची मर्जी असेल तर. या मुलखात त्या शब्दाचा ऑफिसातला अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: वाट बघू नका. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हबीबी, शब्द ऊपरवाले का है. उसके पीछे मत छुपो. हाँ या ना?" स्वतः तो शब्द त्यांनी कधी तोंडात घेतला नाही. घरीही तोच कायदा. त्यांचा मुलगा निहार इथेच लहानाचा मोठा झालेला, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. काही हवं असलं की दारात उभा राहून एवढंच म्हणायचा, "बाबा, येस ऑर नो?" आणि काका तिथल्या तिथे सांगून टाकायचे.

मग मंदी आली. मरीनातल्या क्रेन जिथे होत्या तिथेच थांबल्या. ऑफिसात रोज कुणीतरी निरोपाची मिठाई वाटायचं, आणि बॉक्स संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहायचा. काकांचा पगार कापला गेला तेव्हा त्यांनी काकूंना आणि निहारला पुण्याला पाठवलं. "एप्रिलपर्यंतच. इथल्या शाळा सुरू व्हायच्या आत परत आणतो." सामानात कन्सोल आणि एक मोडेम दिला. बाप-लेक शुक्रवारी टेनिस खेळणार होते.

पण पुण्याशी हात मिळेना. दोन्हीकडून किंचाळ्या व्हायच्या आणि लाइन तुटायची. मग उरलेला शुक्रवार काका माझ्याशी खेळायचे. मीही ठरवून टाकलं होतं, माणूस एकटा पडलाय, आपण त्याला सावरायचं. खेळ संपला रे संपला की मी फोन लावून गप्पा सुरू करायचो. त्यांचं "हं, हं" ऐकून मला वाटायचं, रमलेत.

फेब्रुवारीत काकांच्या हातात नोटीस पडली. हिशेबाचे कागद माझ्याच टेबलावर आले, त्यामुळे मला कळलं. ते म्हणाले, "पुण्यात बोलू नकोस. तोवर दुसरीकडे लागतं का बघतो." रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे. कुठेच लागलं नाही.

निहार फोनवर म्हणायचा, "बाबा, कान्ट वी जस्ट टॉक?"

"एकदा लाइन लागू दे रे. मग बोलू."

फोन ठेवून काका मला म्हणाले, "बोलायला बसलो तर तो एप्रिलचं विचारणार. खेळताना विचारता येत नाही."

एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो आणि लाइन लागली. किंचाळी, घरघर, शिट्टी, आणि मग एकदम शांतता. पडद्यावर नेटच्या पलीकडे निहारचा खेळाडू उभा राहिला. चेंडू अर्ध्या वाटेत थबकायचा, जणू समुद्रावर कुठेतरी दम खायचा, मग पुढे यायचा. काका वाट बघायचे. रॅकेट उचलून धरून बघत राहायचे. तेवढा वेळ दोघं एका खोलीत होते.

खेळ संपल्यावर काकांनी साधा फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, वी आर कमिंग बॅक इन एप्रिल, ना? येस ऑर नो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी, शहाणा, मान डोलावून "हो म्हणा, हो म्हणा" अशा खुणा करत होतो.

"इन्शाल्ला," काका म्हणाले.

पलीकडे कंट्रोलर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाबा, यू नेव्हर से दॅट."

"हं."

"सो इट्स नो."

"नाही," काका म्हणाले. "माझी नोकरी गेली, बाळा."

"ओके," निहार म्हणाला. "देन यू कम होम. यल्ला, बाबा, कम ऑन."

काकांनी कंट्रोलरची वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

त्यांची लँडलाइन बंद करायला आम्ही बरोबर गेलो. विमानतळावर त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि मी तोंड उघडण्याआधीच आत शिरले. पुण्यात त्यांच्या तोलाचं काम त्यांना मिळालं नाही. मिळालं ते करत राहिले. मी फोन करायचो, ते "हं, हं" करायचे. काही वर्षांनी एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

निहार आता परत इथेच आहे, मरीनात नोकरीला. परवा आम्ही कॉफी प्यायलो. मी त्याला त्या महिन्यांबद्दल सांगितलं. काका किती एकटे होते, मी दर शुक्रवारी त्यांना कसं बोलतं ठेवायचो. मग विचारलं, "बाबा माझ्याबद्दल कधी काही म्हणायचे?"

"येस," तो म्हणाला. कॉफी ढवळली. मग चक्क मराठीत म्हणाला, "म्हणायचे, माणूस चांगला आहे. पण मोडेम लावला तरच गप्प बसतो."