शेजारच्या खुर्चीतला

त्याचं नाव मले आजही माहीत नाही.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथल्या नाटकात मी कितीतरी वर्षं राजा केला. त्याच जुन्या नाटकाचा सिनेमा बालाघाटच्या टॉकीजमध्ये लागला, म्हणून दुपारच्या शोले गेलतो. निघताना घरच्यांले सांगितलं, "आल्यावर तुम्हाले पुरा समजावून सांगतो."

पडद्यावर आरसेच आरसे, लाल कापडाचे डोंगर, अन् राजा कंबरभर पाण्यात मुका उभा. हा दरबार आहे का सपन, मले काही उमजेना.

शेजारी माह्याच वयाचा एक माणूस होता. तोंडाआड गमछा धरून सारखा पुटपुटत होता. मी म्हटलं, "गुमान बसा ना भाऊ!"

"राजा अडकला ना जी," तो म्हणाला. "जन्मभर विंगेतून नाटकवाल्यांले वाक्य देत आलो. कोणी गप उभा दिसला का राहवत नाही."

तेवढ्यात राजा पाण्याखाली गेला. शेजारच्यानं मले विचारलं, "मेला का जिता आहे?"

"मी स्वतः राजा केला आहे. मले सारं समजते," मी ताठ्यात म्हणालो. पण पुढे काय सांगावं ते सुचेना.

तो माह्याकडे पाहत राह्यला. मंग गमछा तोंडाआड नेऊन हळूच म्हणाला, "म्हणा, मले नाही समजलं."

मी म्हटलं. सवयीनं राजाच्या आवाजात म्हटलं, तशी पुढच्या रांगेतली बाई वळली.

"हमको भी नहीं समझा, दादा."