अप्पाच्या हिशेबातलं ऊन

अप्पाच्या हिशेबात खोटं ऊन मी घातलं.

आज दुपारी अप्पाला त्यांच्या रीतीनं मातीत बसवून समाधी दिली. हाताची माती अजून गेली न्हाई अन् हे लिहीत बसलोय. लई थकलोय. पोटात ठेवून ठेवून थकलोय.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी. अप्पा म्हंजे आमचे मालक, नेकनूरला पाइप-फिटिंगचं दुकान. कपाळाला भस्म, कानावर पेन्सिल. मी त्यांचा फिटर. दहावी दोनदा दिली, पण नट बरोबर आवळतो.

दोन पाइप जोडणाऱ्या प्लास्टिकच्या कपलरवर किती ताण येतो ते अप्पा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढायचे. आतलं पाणी किती ढकलतं, पाइप केवढा, भिंत किती जाड, नट आवळल्याचा जोर किती.

अन् शेवटी उन्हाचे मार्क कापायचे. तापलं की प्लास्टिक मऊ पडतं ना.

मी म्हणायचो, "अप्पा, कपलर जोडायचाय का त्याची पत्रिका काढायची?"

ते म्हणायचे, "आवळ गप."

तीन वर्षांखाली टेकडीवरच्या वस्तीची लाइन आमच्याकडं आली. खडक असा की चर खांदता येईना. पाइप उघड्यावरच टाकला. एप्रिलच्या भर दुपारी अप्पानं कपलरला चिंधीनं थर्मामीटर बांधला अन् लिंबाखाली भाकर खायला गेले.

माझ्या हातात चहाचा ग्लास व्हता. गरम. तो मी थर्मामीटरला टेकवून धरला.

अप्पा दचकतेत का बघायचं व्हतं. बस, एवढंच.

भाकर खाऊन आले, आकडा बघितला. दचकले न्हाईत.

चष्मा पुसला, आकडा लिहून घेतला, तिथंच मांडी घालून सगळा हिशेब परत काढला. मी सांगू का नको करीत व्हतो, तवर त्यांनी मोटरवाल्याला फोन बी लावला. सहा किलो प्रेशर चालणार न्हाई, चारच ठेव.

मी म्हणलो, काटा येडा असन, उद्या परत मोजू. तर म्हणले, एकदा एवढं तापलंय तर परत बी तापन. सगळ्यात वाईट दिवस धरूनच बांधायचं असतं.

चार किलोला पाणी टेकडीच्या कमरेपर्यंत यायचं अन् थांबायचं. वरच्या नळाला नुसती फुसफुस.

अख्खा उन्हाळा बाया हंडे घेऊन खाली-वर करीत राहिल्या. वस्तीवरची साळू मावशी तर दुकानासमोर उभी राहून अप्पाला घाबरट म्हणायची, अजून काय काय म्हणायची. अप्पा मान खाली घालून ऐकायचे.

मी रोज सकाळी गाडीवर चार कॅन वर नेऊन द्यायचो. गाव म्हणलं, पोरगं सुधरलं.

जूनमधी एकदा सांगायलाच गेलतो. बघतो तर अप्पा तो कॅलेंडरचा कागद भिंतीला चिटकवायलेत.

म्हणले, "ये रं. पूर्ण उन्हाळा गेला, एक बी जोड निसटला न्हाई. एवढ्या वर्षात पहिल्यांदा माझा हिशेब असा पक्का बसला."

असं हसताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

मी म्हणलो, "चहा सांगू का अप्पा?"

पुढं वस्तीला बोअर लागला, पाण्याचं भागलं. माझं सांगायचं तेवढं राहून गेलं.

आज साळू मावशी गुडघा धरत टेकडी उतरून आली. बेल वाहिला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणली, "लई बोलले रं मी याला. जायच्या आत माफी मागायची व्हती."

माझं तोंड उघडलं व्हतं. खरंच.

पण बाजूला अप्पाची पोरगी पाहुण्यांना सांगत व्हती, त्या उघड्या खडकावर बी आमच्या अप्पाचा एक जोड फुटला न्हाई. रडत व्हती अन् ताठ उभी व्हती.

मी मावशीला म्हणलो, "त्यांनी मनावर घेतलं नव्हतं."

खोटं बोललो. घेतलंवतं. त्या उन्हाळ्यात अप्पा दुकानाचं अर्धं शटर लावून बसायचे.

अप्पा, आता निवांत बसा. हिशेब तुमचा बरोबरच व्हता. आकडा माझा व्हता.

ही पोस्ट मोजक्या दोस्तांनाच दिसन अशी ठेवलीय. पाया पडतो तुमच्या, मावशीला अन् अप्पाच्या पोरीला कोणी सांगू नका. स्क्रीनशॉट बी काढू नका बे.

कोणी विचारलंच तर म्हणा, त्या साली ऊनच तसं व्हतं.