मंच्युरियनमधला कोळसा

आता तुमच्यापासून काय लपवायचं! निम्म्या शहापूरला माहीतच आहे, उरलेल्यांना मीच सांगून टाकतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. भुताखेतांविरुद्ध, लिंबू-मिरचीविरुद्ध माझं भाषण कायम तयार असतं, फक्त कुणी बोलावत नाही. आणि त्या दिवशी बोलावणं घरी चालत आलं! माझा मेव्हणा रमेश मुरबाडकडच्या एका गावात शाळा समितीचा अध्यक्ष आहे. 'अंधश्रद्धा सोडा' या कार्यक्रमाला वक्ता ठरवायचा म्हणून तो आमच्याकडे सापगावला आला.

त्याला चायनीज म्हणजे जीव की प्राण. मी स्कूटर काढली, शहापूरला दशरथच्या चायनीजच्या गाडीवर गेलो आणि चिकन मंच्युरियन पार्सल घेतलं.

पार्सल हातात पडेपर्यंत तिन्हीसांज झाली. वाटेत नदीचा पूल. आमची आई जन्मभर सांगत आली, "तिन्हीसांजेला पुलावरून कोंबडी-मटन न्यायचं तर संगती कोळसा ठेव रे, नायतर मागं लागतं." काय मागं लागतं, ते तिनं कधीच सांगितलं नाही. तेच जास्त वाईट!

मी विज्ञान शिकवतो हे खरं. पण पुलावर दिवे नाहीत हेही खरंच ना? दशरथच्या शेजारी कणसं भाजणारी मावशी बसते. तिच्याकडून एक विझलेला कोळसा मागून घेतला आणि हळूच पिशवीत टाकला.

घरी आलो तर लाइट गेलेली. बायकोनं मेणबत्तीच्या उजेडात पार्सल उघडलं. पिशवीच्या तळाशी तिला काहीतरी काळं, गोल लागलं. मंच्युरियन तरी कुठे गोरं असतं? एक बाहेर सांडलं असेल म्हणून तिनं ते उचललं आणि पाहुण्याच्या ताटात वाढलं. हे मला नंतर कळलं.

आधी ऐकू आलं ते "कट्ट!"

"भावजी, हा तर कोळसा!" रमेश उठलाच. "मानसांना कोळसा खायला घालतो काय तो? चला, जाब विचारू!"

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण भाषण हातचं जात होतं हो! मी म्हणालो, "विचारलाच पाहिजे! सोडायचं नाही!"

गाडीवर ही गर्दी. त्यात माझे दोन विद्यार्थीही. रमेशनं कोळसा पुढे करून सगळ्यांसमोर दशरथला झापझाप झापलं. दशरथनं शांतपणे झारा ठेवला आणि कोळसा उजेडात धरला.

"सायब, माझ्याकडं गॅस हाय. मी कोळसा कुठून आनू? मावशे, हा तुजा काय गो?"

"माझाच!" मावशी तिथूनच ओरडली. "सरांनी नेला ना मगाशी. चिकन हाय, पुलावरून जायचाय बोलले!"

गर्दी जी हसत सुटली! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दशरथची मी तिथेच हात जोडून माफी मागितली.

रमेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाषन तुमचंच, भावजी. फक्त मुरबाडला येताना पूल जास्ती लागतात. सकाळचे या."

भाषण झालं. टाळ्याही पडल्या. पण अजून मी गाडीवर गेलो की दशरथ भर गर्दीत विचारतो, "सर, कोळसा आत टाकू का वेगळा बांधू?"

सगळे हसतात, मीही हसतो. मग मला तो पूल आठवतो आणि मी हळूच म्हणतो, "वेगळा बांध."