माशांच्या पोटातलं तळं

आमच्या कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर ताईच. बसच्या सीटांची कव्हरं शिवायचं आमचं काम. मी कापड कापतो, ती शिवते, आणि शिवताना तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असतात. त्या असतात तोवर ती गप्प. त्या संपल्या की समोर जो असेल त्याचं काही खरं नाही. फोरमननं एकदा हलका फोम आणला, तर तिनं तो त्याच्याच खुर्चीत भरून दिला आणि म्हणाली, "बसा यावर दिवसभर. संध्याकाळी कंबर काय म्हणते ते सांगा."

तिच्या रागाची आम्हाला सवय होती. पण तिच्या वडिलांना झटका आला त्या वर्षी मी जो राग पाहिला, तो फोमवरचा नव्हता.

तिचे वडील प्लंबर. कामात चोख, पण त्यांचं खरं नाव झालं ते शहराबाहेरच्या तळ्यावर. त्या तळ्यात बास आहेत. हिरवट पाठीचा, भल्यामोठ्या जबड्याचा हा मासा. लागला तर काठी वाकवतो, नाहीतर दिवसच्या दिवस माणसाला वेड्यात काढतो. बाकीचे लोक हात हलवत परत यायचे, म्हातारा कधीच नाही. लोक होड्या घेऊन त्यांच्या मागे मागे जात, तर हे मुद्दाम भलतीकडेच गळ टाकून बसत. कधी कुठे मासे खायला येतात, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

बरोबर नेत ते फक्त मुलाला. टाचणीच्या धाकट्या भावाला. त्याला होडीत मळमळायचं, तो रडायचा, तरी त्यालाच. ही दारात उभी राहून विचारायची, "बाबा, मी येऊ?" उत्तर ठरलेलं, "नाही. तू बडबडतेस. मासे पळतात." पुढे मोठी झाल्यावर उत्तर बदललं, "नाही. मुलीचं काय काम तिथे?" तिचं काम घरी होतं. मासे आले की ते साफ करायचे. आई आजारी असायची, त्यामुळे सुरी हिच्या हातात लहानपणीच आली.

झटक्यानं म्हाताऱ्याचा उजवा हात गेला, पाय गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला. "नाही." पाणी हवं असलं तरी नाही, खिडकी उघडायची असली तरी नाही. टाचणी मला हे सांगताना हसली होती.

"आयुष्यभर मला नाही म्हणाला," ती म्हणाली. "आता दुसरं काही शिल्लकच राहिलं नाही त्याच्याकडे."

बोलून दाखवायची, पण त्यांचं सगळं तीच करत होती. नवऱ्यापासून ती कधीचीच वेगळी राहत होती, मूलबाळ नव्हतं. कामावर येण्याआधी त्यांना आंघोळ, जेवायच्या सुट्टीत धावत घरी, संध्याकाळी पुन्हा. भाऊ लांबच्या शहरात विम्याचं काम करायचा. तो फोन करायचा.

मग तो आला. मित्रांना घेऊन, नव्या काठ्या घेऊन. दोन दिवस तळ्यावर होडी फिरवली आणि रिकाम्या हातानं परतला. वडिलांच्या खाटेशेजारी बसून, ते ऐकत असताना, तो मित्रांना म्हणाला, "संपलं सगळं. बाबांबरोबरच ते तळंही गेलं म्हणायचं. मला थोडंफार दाखवलं होतं त्यांनी, पण आता कोणाला कळणार?"

टाचणी चादर बदलत होती. ती म्हणाली, "मी शोधून काढेन."

"तू?" भाऊ हसला. वाईट हेतूनं नाही, खरंच हसू आलं त्याला. "ताई, तू तर कधी तळ्यावर गेलीच नाहीस."

"गेले नाही?" तिनं चादर तशीच टाकली. "गेले नाही की नेलं नाही? नीट बोल."

"अगं, एवढं काय..."

"एवढंच आहे! तू होडीत ओकायचास आणि तरी तुझी जागा पक्की. मी दारात उभी. आणि आता तू सांगतोस मी गेले नाही?"

मित्र उठून बाहेर गेले. म्हातारा छताकडे बघत होता. "नाही," तो म्हणाला. कशाला म्हणाला, देव जाणे.

दुसऱ्या आठवड्यात तिनं वडिलांची काठी उचलली. शेजारीण थोडा वेळ म्हाताऱ्याजवळ बसायला तयार झाली. टाचणीला वेळ मिळायचा तो सुट्टीच्या दिवशी भर दुपारचा. कडक उन्हाळा, पाणी तापलेलं. ती काठावर उभी राहून गळ टाकायची आणि काहीच व्हायचं नाही. दोरा गवतात अडकायचा. एकदा गळ तिच्याच बाहीत रुतला. कामावर पोरी खुसखुसायला लागल्या. कोणीतरी तिच्या मशीनवर कागदाचा मासा कापून ठेवला. तिनं तो चुरगाळला नाही. टाचणी टोचून भिंतीवर लावला आणि म्हणाली, "ज्यानं ठेवलाय त्यानं समोर यावं. घाबरू नका, एकेकानंच या."

कोणी आलं नाही.

उलगडा झाला तो कारखान्यातच. जुन्या बसच्या सीटा उसवायला आल्या होत्या. उसवताना शिवणीत अडकलेलं काय काय निघतं. पेन्सिलीचे तुकडे, वाळू, केसांच्या क्लिपा, बिस्किटांचा चुरा. मी सहज म्हणालो, "ही शाळेच्या मार्गावरची दिसते." मग दुसरी उसवली. तिच्यात वाळूच वाळू. "आणि ही समुद्राकडची."

टाचणीचा हात थांबला. ओठांतल्या टाचण्या तिनं एकेक करून काढल्या.

"मी इतकी वर्षं त्यांची पोटं उसवलीत," ती म्हणाली.

"कोणाची?"

"माशांची! बाप मला नेत नव्हता, पण सगळं आणून माझ्यापुढेच टाकत होता की. काय खाल्लंय ते पोटात असायचंच. मी बघायचे आणि फेकून द्यायचे. मूर्ख! मूर्ख मी!"

ती स्वतःवर इतकी संतापली की मशीनचं चाक हातानं गरागरा फिरवत बसली. त्या जेवणाच्या सुट्टीत ती घरून धावत परत आली आणि घास न घेता मला सांगत राहिली. थंडी सरताना पोटात निघायचे झिंगे, नांग्यांसकट. झिंगे दगडांत राहतात, म्हणजे तेव्हा मासे खडकाजवळ. उन्हाळ्यात बेडकाची पिल्लं, चतुर, कधी पाणगवताचा तुकडाही. म्हणजे गवताच्या कडेला. हवा गार व्हायला लागली की पोट चांदीसारख्या बारीक माशांनी गच्च भरलेलं. ते बारीक मासे थव्यानं राहतात, ओढा तळ्याला मिळतो तिकडे सरकतात.

"आणि केव्हा?" मी विचारलं.

"दार कोण उघडायचं? मीच ना. उन्हाळ्यात तो अंधार असताना जायचा आणि ऊन चढायच्या आत परत. थंडी सरताना उलट, आरामात नाश्ता करून जायचा, पाणी जरा कोमट झाल्यावर. आणि मी कुठे जात होते? भर उन्हाळ्यात, भर दुपारी! तेव्हा ते खाली गारव्यात पडलेले असणार, माझ्या नावानं हसत."

हे बोलणं सोपं होतं, करणं नाही. पहाटे शेजारीण यायला तयार होईना, मग माझी बायको जायला लागली. पहिल्या पहाटे टाचणीनं गवताच्या कडेला गळ टाकला आणि काही नाही. दुसऱ्या पहाटेही नाही. तिला वाटलं सगळं आपल्या मनाचंच होतं. मग तिच्या लक्षात आलं की वारा सुटला होता आणि ती वाऱ्याच्या आडोशाला, स्वतःच्या सोयीनं उभी होती. किडे, बारीक मासे, सगळं वारा समोरच्या काठाला लोटत होता. ती शिव्या देत पलीकडे गेली. तोंडावर वारा, डोळ्यांत पाणी. तिथे पाणी उसळलं, काठी वाकली आणि पहिला बास आला.

तो मासा तिनं वडिलांसमोर नेला. त्यांच्या खुर्चीपुढच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिथेच चिरला. पोटातून बेडकाचं पिल्लू निघालं.

"बघा बाबा. गवताची कड. पहाट. वाऱ्याचा काठ. बरोबर ना?"

म्हाताऱ्यानं माशाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

त्याला दुसरा शब्दच येत नव्हता हे तिला ठाऊक होतं. तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी बायको तिथे होती, तिनं सांगितलं मला. टाचणी इतकी ओरडली की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. "नाही? अजून नाही? तुमची खरकटी, तुमची चादर, तुमचं सगळं मी केलं. हा मासा मी आणलाय, मी! एकदा, फक्त एकदा मान हलवा!" म्हाताऱ्याची मान हलत होती आधीच, थरथरत. ती हो म्हणणारी होती की कसली, कोणाला कळणार? टाचणीनं मासा गुंडाळला आणि कचऱ्यात टाकून दिला. तिचा पहिला मासा.

हवा गार झाली तेव्हा ती माझ्याकडे आली. "तुझ्या हातात जोर आहे. बापाला होडीत बसवायचंय."

"ताई, काही झालं तर?"

"होईल ते होईल. मला त्याला दाखवायचंय."

प्रेमानं नव्हे, हे मी स्पष्ट सांगतो. ती त्याला साक्षीदार म्हणून नेत होती. भावाला फोनवर कळलं तर तो किंचाळला, "मारून टाकशील त्यांना!" ती म्हणाली, "मग ये आणि तू सांभाळ," आणि फोन ठेवला.

मी म्हाताऱ्याला उचलून होडीत बसवलं, पाठीला उशा लावल्या, अंगाला पट्टा बांधला. अंगात वजन असं उरलंच नव्हतं. वल्ही मी मारत होतो. तळ्याच्या मध्यावर आलो तसा म्हाताऱ्यानं डावा हात उचलला. खडकाकडे बोट. "नाही, नाही, नाही!" आवाज चढत चालला.

"तिकडे चला म्हणतोय," टाचणी म्हणाली. "ने तिकडे. त्याच्या मनासारखं होऊ दे."

खडकाजवळ तिनं बराच वेळ गळ टाकला. पाणी ढिम्म. "झालं समाधान?" ती वडिलांना म्हणाली. "इथे थंडी सरताना यायचं, बाबा. झिंगे असतात तेव्हा. आज मासे ओढ्याच्या तोंडाशी आहेत." म्हातारा तिच्याकडे असा बघायला लागला, जणू कोणी त्याच्या घराचं कुलूप उघडून आत बसलंय.

ओढ्याच्या तोंडाशी पाण्यावर बारीक मासे उडत होते, पाऊस पडावा तसे. तिनं गळ टाकला, ओढला, पुन्हा टाकला. आणि लागला. तसा मासा मी त्या तळ्यात पाहिला नव्हता. होडी त्याच्याकडे वळायला लागली. मी वल्ही धरून होतो, सोडली असती तर गवतात गेलो असतो. हातजाळं म्हाताऱ्याच्या पायाशी पडलेलं. मासा होडीशी आला आणि टाचणीचा हात पुरेना.

म्हातारा वाकला. पट्टा ताणला गेला. डाव्या हातानं त्यानं जाळं उचललं, पाण्यात खाली, माशाच्या डोक्याच्या पुढे धरलं आणि वाट बघितली. मासा आपणहून आत शिरला. त्याला एकट्याला जाळं वर काढवेना, मग तिनंही धरलं. दोघांनी मिळून मासा आत घेतला.

"म्हणा आता नाही," ती म्हणाली.

तो काही बोलला नाही. त्याच्या हनुवटीवरून लाळ गळत होती, आणि छाती वरखाली होत होती.

मग ती फुटली. आधी ओरडली तशी नाही. दात आवळून, हळू. "एवढंच होतं ना? जाळं धरायला एक माणूस. मी धरलं असतं की. गप्प बसले असते दिवसभर, तोंडात टाचण्या धरून बसले असते. काय गेलं असतं तुमचं?"

म्हाताऱ्यानं डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. तिनं तो उचलला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला. मी तळ्याकडे बघत वल्ही मारली.

त्यानंतर लोक तिच्या मागे लागले. तिनं काही लपवलं नाही. कोणीही विचारलं तर सांगते, कुठे, केव्हा, वारा कुठला हवा. भाऊ आला, त्यालाही सांगितलं. त्याला एक मासा मिळाला आणि तो वडिलांपुढे फोटो काढायला गेला. तेव्हा तिनं त्याला काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुट्टीच्या दिवशी म्हातारा आता सकाळपासून डाव्या हातानं टोपी घालून बसतो. पायात बूट घाला म्हणून पाय पुढे करतो. हवा बरी असली की आम्ही त्याला नेतो.

एकदा मात्र ती त्याला न घेता, फक्त मला घेऊन गेली. हवा छान होती. मी विचारलं तर म्हणाली, "मुद्दाम. बसू दे तसाच. कळू दे." त्या दिवशी तिला काही लागलं नाही. म्हणजे लागायचं, पण दोरा ढिला सोडून ती रस्त्याकडे बघत बसायची. शेवटी सामान गोळा केलं. परतताना गल्लीच्या टोकापासून त्यांची खिडकी दिसते. टोपी तशीच डोक्यावर होती.

"राग गेला का ताई तुमचा?" मी विचारलं.

"कुठे जाईल?" ती म्हणाली. "इथेच आहे." आणि जिना चढायला लागली. वरून तिचा आवाज मला खालपर्यंत ऐकू आला. ती त्याला रागावत होती, टोपी घालून जेवायला बसतात का कोणी म्हणून.