दोन तासांच्या दशम्या

चाकणच्या कोंडीत गाडी अडकली की मला अजून त्या आजी आठवतात. लोणीच्या होत्या. मंचरला एसटीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. नऊवारी लुगडं, मांडीवर गाठोडं. गाडीने ब्रेक मारला की त्यांचा हात आधी गाठोड्याच्या गाठीवर जायचा. दिल्लीत राहणाऱ्या मुलाने विमानाचं तिकीट काढलं होतं आणि पुण्यात भाचा घ्यायला येणार होता.

गाठोड्यातून येणारा वास मी लगेच ओळखला. मी शिकायला निघालो की आईसुद्धा अशाच दुधात मळलेल्या, चार दिवस टिकणाऱ्या दशम्या बांधून द्यायची. आता आमच्याकडे कुणी काही बांधून देत नाही. वाटेत सगळं मिळतं म्हणे.

“लांबचं जायचं म्हणून लई केल्यात,” आजी म्हणाल्या. “भाऊ, इमान उद्या सकाळी पोचतंय ना दिल्लीला?”

मी मोबाइलवर बघून सांगितलं, “हजारावर किलोमीटर आहे आजी, पण दोनच तास लागतात.”

आजींनी समोर अडकलेल्या ट्रककडे पाहिलं. “म्हंजी आपल्याला पुण्याला जायला लागत्यात, तेवढंच?”

“तेवढंच.”

त्यांनी सावकाश गाठ सोडली आणि अर्धी दशमी मोडून माझ्या हातावर ठेवली.

“खावा. आता उरायच्याच हायेत.”

मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, “त्याचा बाप गेला तवा पोरगं फोनवर म्हनलं व्हतं, आई, लई लांब हाये, मी येईस्तवर थांबू नका.”