चेपलेली नळी

फ्रिजवाला तांब्याची नळी कधी टाकून देत नाही. चेपली तर जाळावर लाल करायची, पक्कडीनं हळूहळू गोल करायची आणि पुन्हा जोडायची. नारायणगावात माझं दुकान होतं तेव्हा अशा नळ्या मी कितीक फ्रिजांत घातल्या, मोजदाद नाही. एकही परत आली नाही. त्याचाच माज होता मला, दुसरं काय.

दोन हजार सालानंतर ओझरच्या बाजूला, धरणाच्या कडेला एका पुणेकरानं रिसॉर्ट काढलं. तिथं रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुका होत्या. पुण्याच्या ऑफिसातली माणसं यायची, बांधाआड लपून एकमेकांना रंगवायची आणि हुरडा खाऊन जायची. माझा थोरला भाऊ त्या बंदुका सांभाळायला होता. जन्म मातीत गेलेल्या दादाला पहिल्यांदाच महिन्याचा पगार आणि छातीवर नाव लिहिलेला शर्ट मिळाला होता. त्या कामावर त्याचा लई जीव.

या बंदुकीच्या मुठीखाली गॅसची बाटली असते. तिथून एका नळीतून गॅस पुढं जातो आणि गोळी सुटते. एप्रिलच्या उन्हानं त्या रबरी नळ्या तडकल्या. रविवारी मोठा ग्रुप येणार होता. दादा सहाही बंदुका पोत्यात घालून दुकानात आला.

"तांब्याची नळी बसवशील का? मालक लई टेन्शनमदी हायेत."

"ठेव तिथं. एवढ्याशा नळीचं काय घेऊन बसलास?"

पाच नळ्या नीट वाकल्या. सहावी मुठीजवळच्या वळणाला चेपली. मापाचा दुसरा तुकडा शिल्लक नव्हता. मी ती लाल केली, गोल केली आणि बसवली. सांध्यांना साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा आला नाही. मग सवयीनं फ्रिजचं दाब मोजायचं गेज जोडलं. ते पाचशे पौंडांपर्यंतच दाखवतं, आमच्या धंद्यात त्याच्या निम्मंही लागत नाही. बाटली उघडली तसा काटा सरकन फिरला आणि टोकाच्या खिळ्याला जाऊन टेकला. तिथंच थरथरत राहिला. मी घाईनं बाटली बंद केली.

"किती दावतंय?" दादानं विचारलं.

"फुल्ल," मी म्हणालो.

दादा खूश होऊन हसला आणि पोतं खांद्यावर टाकून गेला. त्याच वेळी त्याला थांबवायला पाहिजे होतं. पण थांबवून सांगणार काय, की मला यातलं काही कळत नाही? माझ्या तोंडून ते वाक्य निघणं शक्यच नव्हतं.

दोन दिवस कामात लक्ष लागेना. दादाचा हात, दादाचं तोंड, आणि त्याच्या शेजारी ती लाल करून गोल केलेली नळी, हेच डोळ्यापुढं. शनिवारी नवा तुकडा वाकवून घेतला आणि स्कूटरला किक मारली. म्हटलं, गुपचूप बदलून टाकू, कुणाला कळायचं कारण नाही.

गेलो तर मालक फाटकातच. सगळ्या कामगारांसमोर त्यांनी माझा हात हातात घेतला. "पुण्यात सुद्धा असा कारागीर मिळत नाही," म्हणाले. आता या माणसापुढं कुठल्या तोंडानं म्हणायचं, की एक नळी कच्ची आहे? जेवण झाल्यावर बदलू, असं मी स्वतःलाच सांगितलं आणि चहा घेत बसलो. त्या चहाची मला आजही शिसारी येते.

गॅसच्या बाटल्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासून तापत पडल्या होत्या. दादा एकेक बंदूक भरून झाडावर नेम धरत होता. तोंडावरचे मास्क पाहुण्यांसाठी धुऊन वाळत घातले होते, त्यामुळं तो तसाच उभा. पाचवी बंदूक त्यानं खाली ठेवली आणि चेपलेल्या नळीची सहावी उचलली. मी उठलो. "दादा, ती राहू दे," म्हणालो, पण ते इतकं हळू, की माझं मलाच ऐकू आलं असेल. त्यानं डावा डोळा मिटला.

आवाज फार मोठा नव्हता. पांढरा धूर निघाला आणि दादा उजव्या डोळ्यावर हात दाबून खाली बसला. बोटांतून रक्त येत होतं. नळी वळणावर, नेमकी मी गोल केली तिथंच फाटली होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोळा राहत नाही. मालकांनी विचारलं, हे झालं कसं? मी तोंड उघडायच्या आत पट्टी बांधलेला दादा बोलला.

"माझ्याच हातनं दगडावर पडली व्हती सकाळी. नळी मुडपली आसंल. ह्याचं काम चोख व्हतं."

मालक माझ्याकडं वळले. "तुम्ही तिथंच होतात. खरंच पडली होती?"

"हो," मी म्हणालो. "मी बघितलं पडताना."

आठवड्याच्या आत मालकांनी दादाला निष्काळजीपणाबद्दल कामावरून काढायचं ठरवून राजीनामा मागितला. राजीनाम्यावर सही करायला त्याला मीच स्कूटरवर बसवून घेऊन गेलो.